फिल्टरमध्ये काय भरावं: फोम, सिरॅमिक रिंग्ज की लाव्हा दगड?

माशांच्या दुकानात फिल्टर मीडिया, म्हणजे टाकीच्या फिल्टरमध्ये भरायचा माल, मागितला की समोर पाकिटांचा ढीग येतो. पांढऱ्या सिरॅमिक रिंग्ज, काळे बायोबॉल, लालसर लाव्हा दगड, काचेची भुकटी भाजून केलेले ठोकळे, निळा-काळा फोम. फोमचा तुकडा स्वस्तात मिळतो, तर परदेशी काचेच्या रिंग्जना त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. महागड्या पाकिटावर एक आकडा हमखास ठळक छापलेला असतो: एका लिटर मीडियात इतके शे चौरस मीटर पृष्ठफळ. आकडा मोठा असेल तो मीडिया चांगला, असा आपला सरळ हिशेब असतो. माझं म्हणणं असं की घरच्या टाकीसाठी हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. पैसे कशावर घालायचे ते ठरवायचं असेल तर वेगळेच दोन प्रश्न विचारायला हवेत: त्या पृष्ठभागापर्यंत ताजं पाणी पोहोचतं का, आणि सहा महिन्यांनीही पोहोचत राहील का?

फिल्टरकडून काय हवं असतं ते आधी पाहू. खाद्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन मासा गरजेपुरता वापरतो आणि उरलेला बराचसा अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. त्यामुळे तळाची घाण रोज पाइपने ओढून काढली, पाणी कितीही नितळ दिसलं, तरी अमोनिया पाण्यात मिसळतच राहतो. न खाल्लेलं खाद्य, कुजलेलं पान, दगडामागे मरून पडलेली गोगलगाय यांची भर वेगळी. हा अमोनिया किती घातक, ते मुख्यतः पाण्याच्या पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सियसला आणि पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, बाकीचा बराच निरुपद्रवी अमोनियम असतो. पीएच ८ झाला की विषारी भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून टेस्ट किटवर तोच आकडा दिसत असताना एका घरी मासे ठीक असतात आणि अल्कलीयुक्त बोअरचं पाणी वापरणाऱ्या दुसऱ्या घरी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

हा अमोनिया संपवणारे जीव मीडियावर राहतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, कारण ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणी बदलून किंवा झाडांच्या मुळांकडून ते काढता येतं.

जुन्या पुस्तकांत या जीवांची दोनच नावं असायची, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. आता चित्र खूप बदललंय, आणि गंमत म्हणजे ते बदलण्यात मत्स्यालयांचाच मोठा वाटा आहे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये समोर आलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या सार्वजनिक मत्स्यालयात, समुद्री टाकीच्या तळाच्या खडीतून अमोनिया खाणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखाच दिसणारा पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, वेगळा काढण्यात आला. तोवर हे काम फक्त जिवाणूंचं समजलं जायचं. २०११ मध्ये गोड्या पाण्याच्या घरगुती टाक्यांचे फिल्टर तपासले, तर तिथेही बहुतेक ठिकाणी आर्कियांचंच राज्य निघालं. २०१५ मध्ये आणखी एक धक्का बसला: अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, तोही मत्स्यपालनाच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये. तुमच्या खिडकीशेजारच्या टाकीत यातले नेमके कोण आहेत ते सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येणार नाही. पण सगळ्यांच्या गरजा जवळपास सारख्याच आहेत. चिकटून बसायला जागा, सतत येणारा अमोनिया, भरपूर प्राणवायू आणि पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद. हे जीव वाढतातही सावकाश. नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात ते यामुळेच.

आता जागा किती लागते याचा हिशेब मांडू.

अडीच फुटी टाकी घ्या, पाणी १२० लिटरच्या आसपास. त्यात दिवसाला १ ग्रॅम खाद्य पडतं असं धरू. लहान माशांच्या चांगल्या थव्याला एवढं पुरतं. खाद्यात ४० टक्के प्रथिनं असतील, तर मत्स्यपालनात वापरतात त्या ठोकताळ्याप्रमाणे त्यातून रोज सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन) तयार होतो. अमोनियाचं प्रमाण अगदी कमी असलेल्या पाण्यात जिवाणूंचा थर दिवसाला चौरस मीटरमागे ०.१ ग्रॅम नायट्रोजन पचवतो असं सावधपणे धरलं, तरी लागणारी जागा येते ०.३७ चौरस मीटर. म्हणजे दोन फूट बाय दोन फुटांची एक फरशी. बस्स. त्या टाकीच्या चार काचा आणि तळ यांचंच पृष्ठफळ सव्वा चौरस मीटरच्या पुढे जातं. तीन मिलिमीटर जाडीच्या खडीचे दाणे गोल धरले, तर एका लिटर खडीत १.२ चौरस मीटर जागा निघते. जागेचा तुटवडा मुळात नाहीच.

तुटवडा असतो तो प्राणवायूचा आणि वाहत्या पाण्याचा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी सहज २८-३० अंशांवर असतं, आणि २८ अंशांच्या पाण्यात प्राणवायू मावतो लिटरमागे फार तर ७.८ मिलिग्रॅम. पाणी गाळाने भरलेल्या फिल्टरमधून रेंगाळत जात असेल, तर त्यातला प्राणवायू गाळ कुजवणारे जिवाणूच आधी फस्त करतात. हे जिवाणू वेगाने वाढतात, अमोनिया खाणाऱ्यांवर थर चढवतात आणि त्यांना गुदमरवतात. मीडिया पृष्ठफळ कमी पडून सहसा फसत नाही, तो गाळाने फसतो.

मग पाकिटावरचे ते शेकडो चौरस मीटर येतात कुठून? सच्छिद्र पदार्थ मोजायची प्रयोगशाळेतली रूढ पद्धत अशी: नमुना कोरडा करायचा, शून्याखाली १९६ अंशांपर्यंत थंड करायचा आणि त्याच्या पृष्ठभागाला नायट्रोजन वायू किती चिकटतो ते मोजायचं. नायट्रोजनचा रेणू मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्यामुळे तो बारक्यात बारक्या भोकात शिरतो आणि तिथली भिंतही मोजली जाते. जिवाणू असतो मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. वाड्याला शंभर खोल्या आहेत, पण नव्वद खोल्यांची दारं बोटभर रुंदीची आहेत, तर बिऱ्हाडं दहाच राहणार. शिवाय ज्या भोकांत जिवाणू मावतो तिथेही पाणी वाहत नाही. प्राणवायू नुसता झिरपत आत जातो आणि बाहेरच्या थरातच संपतो. काम करणारा थर साधारण दशांश मिलिमीटरचा असतो. वापरातली सिरॅमिक रिंग कधी मोडून पाहा. चांगल्या प्रतीच्या, भरपूर वापरलेल्या रिंगेतही तपकिरी रंग पुष्कळदा सालीपुरताच असतो, आणि आतला गाभा विकत आणला तेव्हा होता तसाच पांढरा निघतो.

हे ध्यानात घेऊन एकेक प्रकार बघू. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांची लायकी सारखी नाही.

फोम

माझ्या मते घरच्या टाकीसाठी पहिला क्रमांक फोमचाच. फिल्टरच्या फोममध्ये सुमारे ९७ टक्के जागा मोकळी असते आणि सगळी भोकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पाण्याला प्रत्येक धाग्याच्या अंगाला लागूनच जावं लागतं. घनता पीपीआयमध्ये मोजतात, म्हणजे एका इंचात किती भोकं. १० पीपीआय फार भरड, ४५ पीपीआय लवकर तुंबणारा. जिवाणूंसाठी २० ते ३० हा पल्ला बरा. या जाडीचा लिटरभर फोम आपल्या दोन बाय दोनच्या फरशीपेक्षा कितीतरी जास्त जागा देतो. बाजारातल्या गादीचा किंवा सोफ्याचा फोम मात्र घेऊ नका. त्याची भोकं पातळ पडद्यांनी बंद असतात, आणि त्यात आग रोखणारी रसायनं मिसळलेली असू शकतात.

फोमची खरी ताकद धुताना कळते. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत काढा, फोम त्यात बुडवा आणि हळू दाबा. पहिल्या दाबाला कॉफीच्या रंगाचा लोट बाहेर येतो, तिसऱ्या-चौथ्या दाबाला पाणी गढूळ पिवळट होतं. तिथेच थांबायचं. फोम तपकिरीच राहिला पाहिजे, कारण धाग्यांना चिकटलेला तो थरच आपला ऐवज आहे. नळाखाली पिळून पिवळाधमक केला, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या ऐवजावरच घाव घालतं. रिंग्ज किंवा दगड यांच्या पोटात बसलेला गाळ इतक्या सहज निघत नाही. साफ करता येणं हा गुण पाकिटावर कधीच छापलेला नसतो, पण वर्षभर मीडियाचा कस त्यावरच लागतो.

एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर हे याच तत्त्वाचं सर्वांत स्वस्त रूप. गप्पी, मोली, टेट्रा असलेल्या टाकीला तो पुरून उरतो. देखणा नाही, एवढीच तक्रार.

रिंग्ज, काच, दगड

सिरॅमिक रिंग्जमध्ये प्रतीचा फरक प्रचंड आहे. दुकानातच एक छोटी परीक्षा घेता येते: कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब सोडा. क्षणात शोषला गेला तर रिंग सच्छिद्र आहे, थेंब तसाच बसून राहिला तर ती गुळगुळीत भाजलेली माती आहे. बोटाने घासल्यावर पिठूळ भुकटी सुटत असेल तर तीही ठेवून द्या, कारण काही महिन्यांत ती झिजून तळाशी चिखल होते. चांगल्या रिंगेचा खरा उपयोग तिच्या मधल्या भोकाचा: ढिगात पाण्याला वाटा मोकळ्या राहतात. काचेच्या भाजलेल्या मीडियाची छिद्रं मोठी आणि जोडलेली असतात, तो टिकतोही वर्षानुवर्षं. गोल्डफिश, ऑस्कर असे खादाड मासे आणि मोठा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) असेल, त्याच्या पुढे गाळ अडवणारा फोम असेल, तर हा खर्च समजण्यासारखा आहे. दोन फुटी टाकीतल्या सहा टेट्रांसाठी नाही.

लाव्हा दगड आणि प्युमिस (ज्वालामुखीचाच हलका, सच्छिद्र दगड) हे माझे आवडते स्वस्त पर्याय. बोन्साय आणि कॅक्टसच्या मातीसाठी नर्सरीत हेच दगड किलोवर मिळतात, आणि मत्स्यालयाच्या पाकिटापेक्षा बरेच स्वस्त पडतात. सुपारीएवढे तुकडे निवडा, धूळ जाईपर्यंत धुवा. एखाद्या तुकड्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे आणि तो पाणी जड करणार.

इथे एक प्रश्न आपल्याकडे साहजिकच पडतो. सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हाच, मग टेकडीवरून उचललेला काळा दगड का चालू नये? चालेल, पण उपयोग बेताचाच. आपला बसाल्ट बहुतांशी घट्ट आहे. जिथे वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, तिथेही अनेक ठिकाणी ती पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेली. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातले जगभरच्या संग्रहालयांत मिरवणारे स्फटिक अशा पोकळ्यांतच वाढलेले आहेत. दगड म्हणून अप्रतिम, फिल्टरमध्ये मात्र फेसाळ लाव्हाच हवा.

प्लास्टिकवाले

बायोबॉल मुळात अशा फिल्टरसाठी आहेत जिथे पाणी वरून ठिबकतं आणि बॉलच्या मधून हवा खेळते. तिथे प्राणवायूची कमतरताच नसते, त्यामुळे कमी पृष्ठफळातही ते झकास काम करतात. पाण्यात बुडालेल्या कॅनिस्टरमध्ये टाकले, की ते नुसतीच जागा अडवतात.

के-१ नावाच्या छोट्या चाकांची गोष्ट वेगळी आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेमध्ये सांडपाणी शुद्धीकरणासाठी हे तंत्र विकसित झालं. त्यांचं पृष्ठफळ लिटरमागे अर्धा चौरस मीटर, म्हणजे पाकिटांवरच्या आकड्यांपुढे हास्यास्पद वाटावं एवढं. तरीही शहरांचं सांडपाणी आणि मोठमोठे मत्स्यप्रकल्प त्यांवर चालतात. कारण ही चाकं हवेच्या जोरावर सतत घुसळत राहतात, एकमेकांवर आपटून जुना जाड थर झडतो, आतल्या बाजूचा पातळ ताजा थर सुरक्षित राहतो, आणि प्राणवायू मुबलक मिळतो. पृष्ठफळाच्या आकड्यावर विसंबू नये याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. घरी कोई किंवा गोल्डफिशचा हौद असेल तर याचा जरूर विचार करा. बैठकीतल्या टाकीसाठी आवाज आणि जागा दोन्ही जड जातं.

आणि भांडी घासायची प्लास्टिकची घासणी! पुष्कळ हौशी लोक ती वापरतात आणि ते बरोबरच करतात. जाळीदार, न तुंबणारी, पाच मिनिटांत धुऊन होणारी. फक्त तार, साबण किंवा जंतुनाशक लावलेली नको.

नायट्रेटही काढून टाकतो, असा दावा काही सच्छिद्र मीडियांच्या पाकिटावर असतो. खोल छिद्रांत प्राणवायू संपतो आणि तिथे नायट्रेटचा वायू करणारे जिवाणू राहू शकतात, हे तत्त्व खरं आहे. पण त्या जिवाणूंना खायला सेंद्रिय कार्बन लागतो, आणि तो तिथे पुरेसा पोहोचत नाही. घरच्या फिल्टरमध्ये याचा परिणाम मोजण्याइतका क्वचितच होतो. मनीप्लांटची मुळं टाकीत सोडून ठेवा, त्याने जास्त काम होईल. वेल मात्र पाण्याबाहेर राहू द्या.

स्वतः मोजायचं असेल तर

दोन मीडियांत कोणता सरस, हे घरी तपासता येतं. दोन्हींचा अर्धा-अर्धा लिटर जाळीच्या पिशव्यांत भरून एकाच चालू फिल्टरमध्ये दोन महिने ठेवा, म्हणजे दोन्ही सारखेच मुरतील. मग दोन बादल्यांत टाकीचंच दहा-दहा लिटर पाणी घ्या, प्रत्येकीत एक पिशवी आणि सारखाच एअर पंप. आता लागेल नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. १० ग्रॅम नवसागर लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातलं ८ मिलिलिटर प्रत्येक बादलीत घाला. यातून लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतो. दर चार तासांनी टेस्ट किटने मोजा. ज्या बादलीतला अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी शून्यावर येतात, तो मीडिया तुमच्या पाण्यात, तुमच्या तापमानाला सरस. किटचा आकडा नायट्रोजनमध्ये आहे की अमोनियामध्ये, ते तिच्या कागदावर वाचून घ्या.

बादलीत मासे अर्थातच नकोत, आणि पिशव्या टाकीतून काढल्यावर मूळ फिल्टरमध्ये पुरेसा जुना मीडिया उरलाय ना तेही पाहा.

मीडिया काहीही असो

क्षारतेकडे लक्ष ठेवा. एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. आपल्या उदाहरणातल्या टाकीत रोज लिटरमागे सव्वादोन मिलिग्रॅम. पाणी मऊ असेल, समजा क्षारता लिटरमागे ४० मिलिग्रॅम असेल, आणि पाणी बदललंच नाही, तर अठरा दिवसांत ती संपते. त्यानंतर पीएच कोसळतो आणि जिवाणू काम थांबवतात. मुंबईत धरणाचं पाणी वापरणाऱ्यांनी फिल्टरमध्ये मूठभर धुतलेले शिंपल्यांचे तुकडे ठेवावेत. बोअरच्या जड पाण्याला याची गरज नाही.

माशांना निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, किंवा प्रतिजैविक द्यायचं असेल तर आजारी मासा वेगळ्या टबात घ्या. मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंनाही डोस मिळतो.

लोडशेडिंगच्या भागात बंद डब्याचा कॅनिस्टर सर्वांत आधी अडचणीत येतो. आत पाणी थांबलं की काही तासांत प्राणवायू संपतो आणि गाळ सडू लागतो. वीज आल्यावर ते पाणी थेट माशांवर जातं. बराच वेळ वीज गेली असेल तर कॅनिस्टर उघडून मीडिया टाकीच्या पाण्यात विसळा आणि मगच चालू करा. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर कायम टाकीत असावा. तो मुख्य फिल्टरसोबत चालत राहिला तर आधीच मुरलेला असतो.

मीडिया बदलायचा झाला, फोमवरून रिंग्जवर किंवा उलट, तर जुना फेकू नका. दोन्ही एकाच फिल्टरमध्ये किमान सहा आठवडे शेजारी-शेजारी ठेवा, त्या काळात नवे मासे आणू नका, आणि जुना काढल्यावर आठवडाभर रोज अमोनिया व नायट्राइट तपासा. आकडा वर सरकला तर खाद्य निम्मं करून तिसरा हिस्सा पाणी बदला आणि जुना तुकडा परत आत टाका. तोवर तो टाकीतच एका कोपऱ्यात, एअर स्टोनजवळ ओला ठेवलेला असावा.